सेबीचा नंबर काय हो तुमचा?

भंडारदऱ्यातून सुटलेलं आवर्तन अकोले, संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीकडची शेतं भिजवत खाली जातं. प्रवरेत उरलेलं पाणी प्रवरासंगमला गोदावरीला मिळतं आणि नाथसागरात पोहोचतं. 1926 साली भंडारदऱ्याचं विल्सन धरण पुरं झालं, तेव्हापासून नगर जिल्ह्यातला पैसाही जवळपास याच वाटेने खेळत आला: पाणी, ऊस, कारखाना, सोसायटी, पतसंस्था. या साखळीत माणूस पारखायला कागद लागत नसे. कोणाचा, कुठला, पाहुणे कोण, एवढं विचारलं की झालं. 2024 मध्ये नाथसागराच्या काठच्या शेवगाव तालुक्यात शेअर मार्केटवाल्यांची ऑफिसं एकामागून एक बंद पडली आणि मालक गायब झाले. तिथल्या लोकांनीही हे तीन प्रश्न विचारलेच होते, आणि तिन्हींची उत्तरं खरी होती. पोरगा गावातलाच होता. चौथा प्रश्न राहिला, आणि तो विचारणं आम्हा बातमीदारांचं काम होतं.

दलालाची कुंडली काढणं पूर्वी खरोखरच अवघड होतं. 1992 च्या वसंतात शेअर दलाल हर्षद मेहताची लेक्सस गाडी आणि वरळीच्या ‘मधुली’तलं घर यांवर रकानेच्या रकाने छापून येत होते. हा पैसा येतो कुठून, हे मात्र 23 एप्रिल 1992 ला टाइम्स ऑफ इंडियात सुचेता दलाल यांची बातमी आली तेव्हा चव्हाट्यावर आलं. स्टेट बँकेतल्या सुमारे 500 कोटींच्या गोंधळाची ती बातमी होती. तेव्हा बातमीदाराला उघडून बघता येईल असं काही नव्हतं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची स्थापना 1988 ची असली तरी कायद्याचे दात तिला 1992 मध्येच फुटले. त्याआधी दलाल जाब देणार तो शेअर बाजाराला, आणि बाजाराच्या कारभारी मंडळात पुन्हा दलालच. बँकांमधले रोख्यांचे व्यवहार बँक रिसीटच्या कागदावर चालायचे आणि हाताने लिहिलेल्या वह्यांमध्ये मिटायचे. आत बसलेलं कोणीतरी बोललं तरच बातमी. सुचेता दलाल यांचं मोठेपण हे की त्या ऐकून थांबल्या नाहीत, कागदापर्यंत गेल्या.

पुढच्या काळात कागद हळूहळू उघडे होत गेले. 2006 पासून कंपन्यांची दप्तरं ऑनलाइन आली. आज 100 रुपये भरले की कंपनीचे ताळेबंद आणि संचालकांची कागदपत्रं घरबसल्या वाचता येतात, आणि त्याच संचालकाच्या नावावर आणखी किती कंपन्या आहेत तेही कळतं. न्यायालयांचे खटले ई-कोर्ट्सवर आले. 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर बहुतेक एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर दिसू लागले. सातबारा आणि दस्तनोंदणीही संगणकावर आली. तालुक्याच्या बातमीदाराला यांतलं सगळ्यांत उपयोगी काय, तर माझ्या मते इंडेक्स टू, म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा. लोकांचे पैसे ‘मार्केटमध्ये लावतो’ म्हणणाऱ्याने दोन वर्षांत कोणाच्या नावाने किती जमीन घेतली, हे तिथे कळतं. शेअरमध्ये गेलेला पैसा जमिनीत कसा निघाला, ही बातमीची सुरुवात होऊ शकते.

तरी 2014 मध्ये नाशिकच्या केबीसी नावाच्या कंपनीने तीन वर्षांत तिप्पट सांगून लोकांना बुडवलं, तेव्हा बातम्या आल्या त्या गुन्हा दाखल झाल्यावरच. आमच्या धंद्याची ही जुनी खोड आहे: ऑफिसला कुलूप लागल्याशिवाय बातमी होत नाही.

त्या ऑफिसांचं चित्र एव्हाना पाठ झालंय. काचेचं दार, एसी, मोठ्या टीव्हीवर लाल-हिरवे आकडे आणि खुर्चीमागे फ्रेम केलेली सर्टिफिकेटं. “सेबीचा नंबर काय हो तुमचा?” असं विचारलं की, “आहे ना सर, ते बघा की,” म्हणून बोट भिंतीकडे जातं. जवळ जाऊन वाचावं, तर पहिलं असतं उद्यमचं, जे पिठाच्या गिरणीलाही मिळतं. दुसरं शॉप ॲक्टचं. तिसरं जीएसटीचं. चौथं एनआयएसएमची परीक्षा पास झाल्याचं, आणि गोम नेमकी तिथे आहे. ती परीक्षा सेबीनेच उभ्या केलेल्या संस्थेची असते, कागद अस्सल असतो, पण परीक्षा पास होणं म्हणजे नोंदणी नव्हे. कधी म्युच्युअल फंड विकणाऱ्याचा एआरएन नंबर असतो. तो फंड विकण्यापुरता. लोकांचा पैसा घेऊन ट्रेडिंग करायची परवानगी त्याने मिळत नाही.

खरा नंबर ओळखायला अवघड नाही. दलालाचा आयएनझेडने सुरू होतो, गुंतवणूक सल्लागाराचा आयएनएने, रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएचने, आणि पुढे नऊ आकडे. सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत तो टाकला की नाव, पत्ता, मुदत समोर येते. गावपातळीवर बहुतेक जण मोठ्या दलालाचे ‘ऑथराइज्ड पर्सन’ असतात. सब-ब्रोकर हा प्रकार सेबीने मार्च 2019 नंतर बंदच केला. ऑथराइज्ड पर्सनची नोंद शेअर बाजारांकडे असते. आणि या माणसाला ग्राहकाचा पैसा स्वतःच्या खात्यात घेताच येत नाही, तो थेट दलालाच्या खात्यात जावा लागतो. म्हणजे पावती किंवा फोनपेचा स्क्रीनशॉट मागितला आणि त्यावर ऑफिसवाल्या भाऊंचंच नाव दिसलं, की अर्धी बातमी तिथेच झाली.

नोंदणी आहे म्हणून माणूस धुतल्या तांदळासारखा, असंही नाही. कार्वी ही नोंदणीकृत, नावाजलेली पेढी होती. 22 नोव्हेंबर 2019 च्या सेबीच्या आदेशानंतर कळलं की तिने 95 हजारांहून जास्त ग्राहकांचे, सुमारे 2,300 कोटींचे शेअर्स गहाण टाकून कर्ज उचललं होतं. म्हणून यादीत नाव सापडलं तरी पुढे सेबीचे आदेश, बाजारांनी काढून टाकलेल्या आणि डिफॉल्टर ठरवलेल्या सभासदांच्या याद्या, लवादाचे निवाडे, ग्राहकांच्या तक्रारींचे आकडे बघायचे. अमेरिकेत ब्रोकरचेक नावाच्या एकाच ठिकाणी दलालाच्या जुन्या नोकऱ्या, तक्रारी, शिक्षा सगळं सापडतं. आपल्याकडे ते चार-पाच ठिकाणांहून गोळा करावं लागतं, आणि त्यात नावांचा घोळ. नगर जिल्ह्यात (अहिल्यानगर म्हणायची जिभेला अजून सवय व्हायचीय) एका नावाचे चार शिंदे एका गावात निघतात. वडिलांचं नाव, पत्ता आणि संचालक क्रमांक जुळल्याशिवाय आदेशातला शिंदे आणि आपल्यासमोरचा शिंदे एकच असं लिहू नये. आदेश अंतरिम आहे की अंतिम, हेही बघावं. डिसेंबर 2025 मध्ये सेबीने रायगडमधल्या कर्जतच्या एका नामांकित ट्रेडिंग ॲकॅडमीचे 546 कोटी गोठवले, तो आदेश अंतरिम होता. काहींनी त्याचा मथळा निकाल लागल्यासारखा केला.

शेवगावच्या बाबतीत तर इतकं खोलात जायचीही गरज नव्हती. दरमहा दहा टक्के आणि त्याहून जास्त परतावा कबूल करणाऱ्यांची नावं यादीत शोधायला पाच मिनिटं पुरली असती. संपादक म्हणतात, गुन्हा नाही, तक्रार नाही, तर छापायचं काय? नाव यादीत नाही, हेच छापायचं. अमुक तारखेला सेबीच्या आणि शेअर बाजारांच्या यादीत शोधलं, नाव मिळालं नाही, संबंधिताला विचारलं, त्याने असं उत्तर दिलं. इतकी चार ओळींची बातमी आरोप करत नाही आणि कोर्टातही टिकते. शोधाची प्रिंट तारखेसह जपून ठेवली की झालं. ठेवीदार हितसंरक्षणाचा 1999 चा राज्याचा कायदा लागतो तो पैसे बुडाल्यावर. जप्ती, लिलाव यांत वर्षं जातात. ही चार ओळींची बातमी त्याच्या आधी येऊ शकते.

आता हे लोण वरही पोहोचलंय. भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबू लागले, काजव्यांच्या हंगामात शेंडी गावात गाड्यांच्या रांगा लागायला लागल्या, काहींनी जमिनी विकल्या. भात आणि हिरड्यावर जगणाऱ्या घरांत प्रथमच चार पैसे शिल्लक पडले, आणि ‘दादा, पैसा बँकेत कुजवता काय’ म्हणणारे चढून आले. ऑक्टोबर 2025 पासून ‘सेबी चेक’वर दलालाचं बँक खातं किंवा यूपीआय खरं आहे का तेही फोनवर तपासता येतं. रेंज मिळाली तर.

मग अडतं कुठे? माझं मत कोणाला आवडणार नाही, पण अडतं जाहिरातीत. अशा ऑफिसाच्या उद्घाटनाची पानभर जाहिरात, पुढाऱ्याच्या हस्ते फीत, वर्धापनदिनाच्या पुरवणीत ‘युवा उद्योजक’ म्हणून लेख, हे तालुक्यातल्या पेपरांचं उत्पन्न आहे. 2023 च्या सेबीच्या नियमाने सल्लागाराला जाहिरातीत नोंदणी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. 2025 पासून त्याला गूगल आणि फेसबुकवर जाहिरात करायची तर सेबीकडे नोंदवलेल्याच ईमेल आणि मोबाइलने खातं उघडावं लागतं. आमच्याकडच्या दिवाळी पुरवणीच्या बुकिंग फॉर्मवर जाहिरातदाराच्या जीएसटी नंबरसाठी चौकट आहे. सेबीच्या नंबरसाठी नाही.