डोंगरावरचं गवत आणि गावातली विहीर



'नैसर्गिक आपत्ती सांगा' म्हटलं की मुलं भूकंप, पूर, वादळ अशी नावं घेतात. दुष्काळ राहूनच जातो, कारण तो आवाज करत नाही. पण आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात वरचेवर येणारी आपत्ती तीच. पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबं ऊसतोडीला निघतात, बरोबर लेकरंही जातात आणि हजेरीपटावरचे रकाने रिकामे राहतात.

यावर उपाय काय? नगर तालुक्यातलं हिवरे बाजार बघा. तिथे वर्षाला सरासरी ४०० मिलीमीटरच्या आसपास पाऊस. १९७२ च्या दुष्काळानंतर डोंगर उघडे पडले, माणसं गाव सोडू लागली. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि ग्रामसभेने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही सूत्रं स्वीकारली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. फक्त रोपं लावून ते थांबले नाहीत. मोकाट चराई बंद केली. जनावरं उपाशी राहू नयेत म्हणून गवत विळ्याने कापून घरी न्यायला मुभा दिली. त्यामुळे गवत टिकलं, झाडं वाढली आणि दूधही वाढलं.

आता यामागचं विज्ञान. उघड्या मातीवर थेंब जोरात आपटतो, मातीची छिद्रं बुजतात, पाणी माती घेऊन पळतं. म्हणजे तासाभराचा पूर आणि वर्षभराची टंचाई! गवत थेंबाचा मार झेलतं, मुळं पाण्याला वाट करून देतात, समतल चर पाणी अडवतात. तेच पाणी हळूहळू विहिरीत उतरतं.

पण नुसत्या झाडांनी भागत नाही. हिवरे बाजारात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस कमी, तर पिकंही कमी पाण्याची. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. मिळालेलं पाणी उपसून संपवलं, तर जंगल तरी काय करणार?

वर्गात हे करून बघा. दोन ट्रेमध्ये माती भरा, एकात गवताची ढेकळं बसवा. दोन्ही सारखेच तिरपे ठेवून झारीने सारखंच पाणी घाला. खाली आलेलं पाणी दोन ग्लासांत धरा. कुठलं गढूळ, कुठलं आधी आलं, हे मुलांनाच सांगू द्या. मग विचारा, "आपल्या गावचा डोंगर यातला कुठला ट्रे?"

उत्तर घरी जाऊन पालकांनाही सांगायला लावा. ग्रामसभेत शेवटी तेच बसतात.