‘गेटवे’ या खर्चाविषयी थोडेसे

यंदाच्या जमाखर्चात ‘प्रोटोकॉल गेटवे व जोडणी’ असे एक नवे शीर्षक आपणांस आढळेल. खाटा किंवा औषधे यांवरील खर्चासारखा हा खर्च डोळ्यांना दिसत नाही. म्हणून त्याचा खुलासा करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

रुग्णालयाची वातानुकूलन यंत्रणा, जनित्र व रक्तपेढीतील शीतकपाटे निरनिराळ्या वर्षी, निरनिराळ्या दात्यांच्या साह्याने आली. शीतकपाटांचे तापमापक ‘मॉडबस’ ही मूळची कारखान्यांतील, 1979 सालची साधी बोली बोलतात. नियंत्रण कक्षातील नवा संगणक मात्र ‘बॅकनेट’ जाणतो. खास इमारतींच्या यंत्रणांसाठी अमेरिकेतील ‘अॅश्रे’ या अभियंत्यांच्या संस्थेने ती 1995 मध्ये प्रमाणित केली. दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारी लहानशी पेटी म्हणजे गेटवे. ती नसती तर देणगीतून आलेली, सुस्थितीतील उपकरणे केवळ भाषेपायी बदलावी लागली असती.

पेटी भिंतीवर बसविण्यास एक दुपार पुरली. तिला शिकविण्यास बरेच दिवस लागले. एकाच तारेवरील प्रत्येक मापकास स्वतंत्र क्रमांक द्यावा लागतो. दोघांना एकच क्रमांक पडला तर दोघेही एकदम उत्तर देतात आणि काहीच उमगत नाही. त्यानंतर तक्ता भरावयाचा: मापकाच्या स्मृतीतील कोणत्या घरातला आकडा कोणत्या नावाने पुढे पाठवावा. हे काम खतावणीसारखेच असल्याने आम्हांस त्यात विशेष रस वाटला. मापक 4.2 अंश हे तापमान 42 असे पाठवितो. दहाने भागण्याची सूचना राहून गेली तर पडद्यावर 42 अंश उमटतात. प्लाझ्माच्या शीतपेटीने तर पहिल्याच दिवशी 6523.6 अंश दाखविले! उणे 30 अंश हे मापकाच्या हिशेबी उणे 300. उणे चिन्ह ओळखण्यास सांगितलेले नसल्यामुळे गेटवेने ते 65236 असे वाचले होते.

अशा चुका लगेच नजरेत भरतात. खरी चिंता निराळ्या चुकीची होती. अखेरच्या चाचणीत आम्ही रक्ताच्या शीतकपाटाच्या मापकाची तार मुद्दाम काढावयास लावली. पडद्यावर 4.2 हा आकडा तसाच राहिला. गेटवे शेवटचे वाचन जपून तेच पुनःपुन्हा सांगत होता. रक्ताच्या पिशव्या 2 ते 6 अंशांत ठेवाव्या लागतात. तार तुटलेली असताना एखाद्या रात्री कपाट बंद पडते, तर पडदा सकाळपर्यंत सर्व ठीक असल्याचेच सांगत राहता. बसविणाऱ्यांनी काम पूर्ण झाल्याचे पत्र तयार ठेवले होते. आम्ही त्यावर स्वाक्षरी केली नाही व देयकही थांबविले.

मग जुळणी बदलण्यात आली. आता मापकाने लागोपाठ तीन वेळा उत्तर दिले नाही, की त्या वाचनावर बॅकनेटमधील ‘दोष’ ही खूण लागते आणि रक्तपेढीत घंटा वाजते. तार पुन्हा काढविली, घंटा ऐकली आणि नंतरच देयक अदा केले.

कपाटाजवळील वहीत हाताने तापमान लिहिण्याची जुनी पद्धत रक्तपेढीतील तंत्रज्ञांनी सोडलेली नाही. ती सोडू नये, असेच आम्ही त्यांना सांगितले आहे. तार काढून पाहण्याची चाचणी यापुढे दर तिमाहीस होईल. तिची नोंदवही कार्यालयात ठेवली असून विश्वस्त व देणगीदार यांनी ती अवश्य पाहावी.