जुन्या नोटा, भाग ९ : पिनेची भोकं

 न्हावऱ्याहून एका ताईंचं पत्र आलंय. सासऱ्यांच्या ट्रंकेत उसाच्या बिलाच्या पावत्यांखाली नोटांचं पुडकं सापडलं. ताई विचारतात, ‘‘प्रत्येक नोटेला एका बाजूला बारीक भोकं आहेत. कसर लागली का? टाकून देऊ का?’’

ताई, ती कसर नाही, ती बँकेची पिन. पूर्वी शंभर नोटांच्या बंडलाला जाड पिना ठोकलेल्या असत आणि त्या उचकटताना कॅशियरची नखं तुटत. नोव्हेंबर २००१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना हे बंद करायला सांगितलं, तेव्हा कागदी पट्टी आली. त्यामुळं त्याआधीच्या कोऱ्या करकरीत नोटेलाही भोकं असतात आणि संग्राहक ती चालवून घेतात.

माझा तर या भोकांवर जीव आहे. त्यांच्यात नोटेचा प्रवास वाचता येतो. भोकांची एकच जोडी आणि मधोमध घडी नाही, म्हणजे नोट बंडलातून निघून थेट पेटीत गेली. चार-पाच भोकं, त्यांच्या कडा फाटलेल्या, म्हणजे ती बाजारात फिरून पुन्हा पुन्हा बँकेत आली आणि दर वेळी नव्यानं टोचली गेली. नोट खिडकीच्या उजेडाकडं धरा, भोकं मोजा, मग घड्या मोजा. १९८०-९० च्या एक-दोन रुपयांच्या नोटा अजून घरोघरी आहेत. त्यांच्यात घडी नसलेलीच ठेवण्याजोगी. मळकी, मऊ पडलेली नोट कुणी दर्शनी किमतीच्या फार वर घेणार नाही.

पण सही दुर्मीळ असेल तर हा हिशेब उलटतो. १९८० च्या सुमारास दौंडला मनमाडकडची गाडी धरायची होती. स्टेशनाबाहेर चहाचे पैसे दिले, तर सुट्ट्यांत गांधी जन्मशताब्दीची दोनाची नोट आली. बसलेले गांधीजी, मागं सेवाग्राम. चार घड्या, एक कोपरा गायब. छाती धडधडली, कारण त्या मालिकेतल्या काही नोटांवर बी. एन. आडारकरांची सही आहे. ते ४ मे ते १५ जून १९७० एवढेच दिवस रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. माझ्या नोटेवर मात्र त्यांच्या आधीचे एल. के. झा निघाले. आडारकर असते, तर कोपरा नसतानाही ती आज माझ्या संग्रहातली पहिल्या पानावरची नोट असती. म्हणून ताई, घड्या पाहून नोट बाजूला सारण्याआधी सही वाचा. ५० च्या नोटेवर अमिताव घोष दिसले तरी थांबा. १९८५ मध्ये ते जेमतेम तीन आठवडे गव्हर्नर होते.

लक्ष्मीपूजनाचं कुंकू लागलेल्या नोटाही पुडक्यात आहेत म्हणता. त्या धुऊ नका. इस्त्री, चिकटपट्टी, लॅमिनेशन यांतलं काहीही करू नका. लॅमिनेशन केलेली नोट संग्राहक हातातही घेत नाही. डाग राहू द्या. तुमच्या घरात त्या डागाचीच किंमत जास्त आहे.

एक गोष्ट मात्र आजच करा. २०१६ मध्ये बाद झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा पुडक्यात असतील तर त्या मोजा. २०१७ च्या कायद्यानुसार अशा एकूण दहाच नोटा जवळ ठेवता येतात, अभ्यास किंवा संग्रहासाठी फार तर २५. त्याहून जास्त ठेवल्यास दंड किमान १०,००० रुपये. आणि ‘जुन्या नोटेचे लाखो रुपये देतो, आधी फी भरा’ असा फोन आला तर एक पैसाही देऊ नका. रिझर्व्ह बँक असे व्यवहार करत नाही आणि त्यासाठी फीही घेत नाही, हे तिनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय.

ताई, पुढच्या पत्रात प्रत्येक नोटेवरच्या सहीचं नाव आणि भोकांची संख्या लिहून पाठवा. नोटा पाठवू नका.