स्टुटगार्टचे वार्तापत्र : भत्ता हक्काचा, पण तारखा पाळणाऱ्यांनाच

मर्सिडीज, पोर्शे आणि बॉश यांच्या जिवावर वाढलेल्या स्टुटगार्ट परिसरात सध्या चार माणसे जमली की विषय नोकरकपातीवर येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये जर्मनीतील बेरोजगारांची संख्या दहा वर्षांत प्रथमच ३० लाखांवर गेली. पुढच्याच महिन्यात बॉशने आणखी सुमारे १३ हजार जागा कमी करण्याचे जाहीर केले. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरे आहेत. मोटार उद्योगामुळे पुण्याशीही इथले येणेजाणे जुने. त्यामुळे नोकरी गेल्यावर काय मिळते आणि ते कसे मिळवायचे, हा प्रश्न इथल्या मराठी घरांनाही टळलेला नाही.

मिळणारी रक्कम म्हणजे सरकारची मेहेरबानी नव्हे. बेरोजगारी विमा जर्मनीत १९२७ च्या कायद्याने आला. आज त्याचा हप्ता पगाराच्या २.६ टक्के असतो. निम्मा कर्मचाऱ्याच्या पगारातून कापला जातो, निम्मा मालक भरतो. गेल्या ३० महिन्यांत किमान १२ महिने हप्ता भरलेला असेल, तर हातात पडणाऱ्या पगाराच्या साधारण ६० टक्के आणि मूल असल्यास ६७ टक्के भत्ता मिळतो. म्हणजे महिना ३,००० युरो घरी नेणाऱ्याला ढोबळमानाने १,८०० किंवा २,०१० युरो. बारा महिने हप्ता भरणाऱ्याला हा भत्ता सहा महिने, चोवीस महिने भरणाऱ्याला वर्षभर. वयाची पन्नाशी ओलांडल्यावर मुदत टप्प्याटप्प्याने वाढत दोन वर्षांपर्यंत जाते. त्या काळात आरोग्य विम्याचा हप्ताही रोजगार कार्यालयच भरते. भारतात कर्मचारी राज्य विमा महामंडळाची २०१८ ची अटल योजना विमाधारक कामगाराला सरासरी कमाईच्या निम्मी रक्कम देते, तीही आयुष्यात एकूण नव्वद दिवसांपुरती. तिथून आलेल्याला जर्मनीची ही तरतूद भरभक्कम वाटणे साहजिक आहे.

मात्र सगळी मदार तारखांवर आहे.

नोकरी संपायच्या तीन महिने आधी रोजगार कार्यालयाला कळवावे लागते. नोटीसच उशिरा मिळाली असेल, तर ती कळल्यापासून तीन दिवसांच्या आत. हे काम फोनवर किंवा ऑनलाइन होते. ते चुकले तर एका आठवड्याचा भत्ता बुडतो. यानंतर दुसरी नोंदणी, प्रत्यक्ष बेरोजगार झाल्याची. ती बेकारीच्या पहिल्या दिवसापर्यंत व्हायलाच हवी. त्यासाठी कार्यालयात स्वतः जावे लागते, किंवा निवासपरवान्याच्या कार्डावरची ऑनलाइन ओळखीची सोय सुरू करून घेतलेली असेल तर घरबसल्या जमते. या नोंदणीला उशीर झाला तर मधल्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. धक्क्यातून सावरून आठवड्याभराने कागदपत्रे काढू, असे म्हणायला इथे वाव नाही.

त्याहून मोठा धोका सहीत आहे. कंपनीच्या मनुष्यबळ विभागात बोलावले जाते, टेबलावर दोन-तीन पानांचा करार येतो : नोकरी संपण्याची तारीख, भरपाईची रक्कम आणि खाली सहीसाठी रेघ. परस्पर संमतीने नोकरी संपवण्याचा हा करार असतो. त्यावर सबळ कारणाशिवाय सही केली किंवा आपणहून राजीनामा दिला, तर भत्ता बारा आठवडे रोखला जाऊ शकतो आणि एकूण मुदतही निदान चतुर्थांशाने घटते. म्हणून सही तिथल्या तिथे करू नये. करार घरी आणावा आणि कामगार कायद्याच्या वकिलाला किंवा संघटनेला दाखवावा. कंपनीने थेट काढून टाकले, तर ती नोटीस कागदावर आणि शाईच्या सहीनिशीच असावी लागते. ईमेलवर दिलेली नोटीस कायद्याने ग्राह्य नाही. लेखी नोटिशीला कामगार न्यायालयात आव्हान द्यायला ती मिळाल्यापासून तीन आठवडे मिळतात.

परदेशी कर्मचाऱ्याच्या मागे आणखी एक घड्याळ लागते. नोकरी मुदतीआधी संपत असल्याचे परदेशी नागरिक कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवावे लागते. विम्यातून मिळणारा हा भत्ता घेतल्याने परवान्याला बाधा येत नाही. पण युरोपीय संघाच्या २०२१ च्या निर्देशानुसार ब्लू कार्ड या कुशल परदेशी कर्मचाऱ्यांच्या निवासपरवान्यावर राहणाऱ्या बेकाराला त्या कार्डावर दोन वर्षे पूर्ण झाली नसतील तर तीन महिन्यांचे, झाली असतील तर सहा महिन्यांचेच संरक्षण आहे. पुढे परवान्याची मुदत कमी होऊ शकते. दोन वर्षे हप्ता भरलेल्या इंजिनिअरला भत्ता वर्षभराचा, आणि राहण्याची हमी मात्र सहा महिन्यांची. नोकरीचे पहिले वर्ष पूर्ण होण्याआधीच ज्याला काढले, त्याचा हप्ता तर पहिल्या पगारापासून कापलेला असतो, पण हातात काहीच येत नाही. कुशल माणसे हवीत म्हणून जगभर जाहिरात करणाऱ्या देशाने भत्ता आणि निवास या दोन्हींच्या मुदतींचा मेळ घालायला हवा. तोवर नव्याने आलेल्यांनी पगारपत्रके आणि नोकरीचा करार पहिल्या महिन्यापासून जपून ठेवावा आणि कार्डावरची ऑनलाइन सोय नोकरी असतानाच सुरू करून घ्यावी.