सख्यभक्ती आणि तेरची गोरोबा-परंपरा

नवविध भक्तीच्या गणनेत सख्याला आठवे स्थान आहे. भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाच्या मुखी ही गणना येते. तीत दास्यानंतर आणि आत्मनिवेदनापूर्वी सख्य येते. दास्यात देव व भक्त यांच्यामध्ये जे अंतर असते ते सख्यात उरत नाही. पण अंतर नाहीसे झाले की प्रेमाबरोबर अडचणीही येतात. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यानंतर अर्जुन, आपण यापूर्वी श्रीकृष्णाला सलगीने सखा म्हणून हाक मारली याबद्दल क्षमा मागतो, ती याच अडचणीची खूण होय. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौथ्या दशकातील आठव्या समासात सख्याचे निरूपण करताना आणखी एक कठोर अट घातली आहे. देवाला जे आवडते तेच आपण करावे आणि त्याच्या सख्यासाठी जिवलगांशी ताटातूट झाली तरी ती सोसावी, असे ते सांगतात. ही ताटातूट प्रत्यक्ष संसारात झाली तर तिचे मोल कोणी द्यावयाचे, हा प्रश्न मात्र त्या निरूपणात सुटत नाही. त्याचे उत्तर शोधावयाचे झाल्यास धाराशिव जिल्ह्यातील तेर या गावी जी चरित्रकथा शतकानुशतके सांगितली जात आहे तिच्याकडे वळावे लागते.

तेरणा नदीच्या काठी वसलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितलेले तगर ते हेच, हे फ्लीट यांनी १९०१ साली दाखवून दिले. सातवाहनकाळातील भाजक्या मातीच्या मूर्ती येथे विपुल सापडल्या असून गावातील त्रिविक्रमाचे प्राचीन मंदिरही विटांचे आहे. मातीच्या कामाची एवढी जुनी परंपरा असलेल्या गावात वारकरी संप्रदायाचा एक थोर संत कुंभार असावा, हा योगायोग असला तरी मोठा अर्थपूर्ण आहे. परंपरेप्रमाणे गोरोबांचा जन्म १२६७ साली झाला व शके १२३९ (इ. स. १३१७) मध्ये चैत्र वद्य त्रयोदशीस त्यांनी तेर येथेच समाधी घेतली. ज्ञानदेव-नामदेवांच्या मेळ्यात ते वयाने वडील, म्हणून सर्वांचे ‘काका’.

महिपतींच्या ‘भक्तविजया’त (१७६२) आणि लोकपरंपरेत येणारी कथा सर्वश्रुत आहे. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवीत असता गोरोबांचे रांगते मूल त्यांच्याच पायाखाली येऊन मरते. पत्नी संती आक्रोश करते, विठ्ठलाला दोष देते. गोरोबा तिच्यावर धावून जातात, तेव्हा ती त्यांना विठ्ठलाचीच शपथ घालते की आपल्या अंगाला हात लावू नये. पुढे संतीची बहीण रामी हिच्याशी त्यांचा विवाह होतो; दोघींना सारखे वागवावे या सासऱ्यांच्या शब्दामुळे ते तिच्यापासूनही दूर राहतात. अखेर झोपेत त्यांचे हात दोघींच्या अंगावर ठेवले जातात, आणि शपथ मोडली म्हणून गोरोबा स्वतःचे हात तोडतात. मग पांडुरंग स्वतः कुंभाराच्या रूपाने त्यांच्या घरी राबू लागतो. नामदेवांच्या कीर्तनात गोरोबांना हात परत मिळतात, मूलही जिवंत होते.

या कथेचे विवेचन करणारे बहुधा हात फुटण्याच्या चमत्कारापाशी थांबतात. वस्तुतः कथेचा सांधा संतीच्या शपथेत आहे. तिचा रोष अन्यायाचा आहे, असे कथा कोठेही सुचवीत नाही. उलट, ज्या नामाच्या तंद्रीत तिचे मूल गेले त्याच नामाचा आधार घेऊन ती पतीचा हात थोपविते, आणि तो शब्द गोरोबा अखेरपर्यंत पाळतात. देवाचे येणेही याच दृष्टीने पाहावयास हवे. तो उपदेश करावयास किंवा दर्शन देऊन अंतर्धान पावावयास येत नाही. माती कालवितो, चाक फिरवितो, मडकी भाजतो. भक्ताच्या तल्लीनतेने ज्या घराची हानी झाली त्या घराचे काम तो अंगावर घेतो. रामदासांच्या निरूपणात सख्याची किंमत भक्ताने मोजावयाची असते. तेरच्या कथेत तिचा वाटा देवही उचलतो. अर्जुन सलगीबद्दल क्षमा मागतो आणि येथे देवच मित्राच्या दारी मजुरीला लागतो, हा भेद लहान नव्हे.

या सख्याचे दुसरे अंग म्हणजे संतांचा परस्परांतील स्नेह. मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबांनी थापटणे घेऊन जमलेल्या संतांच्या डोक्यावर थापटी मारली आणि कोणते मडके कच्चे ते पाहिले, ही आख्यायिका तेरमध्ये गोरोबांच्या घरीच घडल्याचे मानतात. कुंभार भाजलेले मडके नादावरून ओळखतो. इतर संत स्वस्थ बसले. नामदेव मात्र कुरकुरले आणि कच्चे ठरले. देवाशी बोलणारा, त्याला नैवेद्य भरविणारा हा भक्त गुरूवाचून राहिला होता. रागावून तो पांडुरंगाकडे गेला, तर तेथेही तोच निर्णय मिळाला आणि त्याला विसोबा खेचरांकडे जावे लागले. देवाच्या लाडक्याला त्याचे उणे दाखविण्याचे काम देवाने आधी मित्रांवर सोपविले, असा या प्रसंगाचा रोख दिसतो.

थापटी खाणाऱ्याने थापटी मारणाऱ्याशी वैर धरले असते तर नवल नव्हते. पण गोरोबांच्या नावावरील अभंग मोजकेच असून त्यांतील कित्येकांत नामदेवांनाच उद्देशून संबोधन आहे. निर्गुणाचा अनुभव, वाचेचे मौन होणे, ‘मी’पण सरणे या सर्व गोष्टी नामदेवांना जवळ बसवून सांगाव्यात तशा सांगितल्या आहेत. आणि कथेत गोरोबांचे हात परत येतात तेही नामदेवांच्याच कीर्तनात.