धर्म सोडल्यावर काय धरायचं?

बर्लिनमध्ये चर्च सोडायचं असेल तर पाद्र्याची परवानगी लागत नाही. ओळखपत्र घेऊन स्थानिक न्यायालयात जायचं आणि अर्जावर सही करायची. त्यासाठी थोडं शुल्क भरावं लागतं. आयकराच्या ९ टक्के इतका चर्च-कर मग पगारातून कापला जात नाही. २०२२ मध्ये जर्मनीतल्या एकट्या कॅथलिक चर्चमधून ५ लाख २० हजारांहून अधिक लोक असे बाहेर पडले. सही सोपी असते, अवघड असतं ते पुढचं.

श्रद्धा सुटते तेव्हा देवाबरोबर आणखीही बरंच काही सुटतं. बाळाच्या नावाचा सोहळा, सणाला जमणारं गणगोत, जिवाभावाचं माणूस गेल्यावर म्हणायचे शब्द, कुणीतरी आपल्याला सांभाळतंय हा दिलासा. हे सगळं खोटं होतं, एवढं पटल्याने मन भरत नाही. बरेच जण काही काळ रागात काढतात, काही जण उदासीत. त्यातून बाहेर येण्याची वाट बर्लिनकरांनी जवळजवळ १८० वर्षं खपून घडवली आहे.

१८४४ मध्ये ट्रिअर शहरात येशूचा म्हणून जपलेला अंगरखा दर्शनाला ठेवला आणि लाखो भाविक लोटले. योहानेस रोंगे या कॅथलिक पाद्र्याने जाहीर पत्र लिहून त्याचा निषेध केला. चर्चने त्याला बहिष्कृत केलं. त्याच्यामागे ठिकठिकाणी चर्चपासून मुक्त अशा मंडळ्या उभ्या राहिल्या, १८४५ मध्ये बर्लिनचीही. तिने पापेलअ‍ॅले रस्त्यावर स्वतःची दफनभूमी सुरू केली. आज तिथे बाग आहे. परलोक नाही, म्हणून इथलंच आयुष्य चांगलं आणि सुंदर करा, अशा आशयाचा लेख तिच्या प्रवेशद्वारावर आहे. स्मशानाच्या दारात आयुष्याविषयी असं बोलायला मोठं धैर्य लागतं.

१९०५ मध्ये बर्लिनच्या मुक्तविचारवाद्यांनी, म्हणजे धर्मसत्ता न मानणाऱ्यांनी, दहनासाठी संस्था काढली. चर्चचा विरोध असल्याने तिथे दहन ही बंडखोरी होती. थोड्या वर्गणीत कामगारालाही पाद्र्याविना सन्मानाचा निरोप मिळू लागला. नाझींनी १९३३ मध्ये मुक्तविचारवाद्यांची चळवळ मोडून काढली. तिचे नेते माक्स सीव्हर्स यांना १९४४ मध्ये मृत्युदंड दिला. युद्धानंतर पूर्व जर्मनीत उलटं घडलं. किशोरांचा धर्मविरहित दीक्षा-सोहळा सरकारने हाती घेतला आणि तो जवळजवळ सक्तीचा केला. जो नाकारेल त्याचं शिक्षण अडायचं. सक्ती देवाच्या नावाने होवो वा निरीश्वरवादाच्या, माणूस गुदमरतोच.

आजच्या बर्लिनमध्ये धर्माविना जगणाऱ्यांना सक्तीविना आधार देण्याचं काम मानवतावादी संघ करतो. शाळांमध्ये धर्मशिक्षण ऐच्छिक आहे. त्याच्याच बरोबरीने ‘जीवनविद्या’ हा ऐच्छिक विषय संघ शिकवतो आणि ६० हजारांहून अधिक मुलं तो शिकतात. मैत्री, न्याय, मृत्यू, चूक आणि क्षमा यांवर वर्गात चर्चा होते. वयात येणाऱ्या मुलांचा सोहळा फ्रीडरिशश्टाट-पालास्ट या मोठ्या नाट्यगृहात होतो. संघाच्या बालवाड्या आहेत, मरणासन्न रुग्णांसाठी हॉस्पिसही आहे. जन्मापासून मृत्यूपर्यंत, जिथे जिथे माणसाला माणूस लागतो, तिथे कुणीतरी हजर आहे.

आपल्याकडेही हे बीज आहे. महात्मा फुले निर्मिक, म्हणजे सृष्टिकर्ता, मानत, पण देव आणि माणूस यांच्यातला मध्यस्थ नाकारत. १८७३ च्या डिसेंबरात पुण्यात सत्यशोधक पद्धतीचा पहिला विवाह त्यांच्या पुढाकाराने झाला. आजही अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशी लग्नं लावतात. कुणी तेराव्याऐवजी स्मृतिसभा घेतं, कुणी देहदान करतं. तरी एकट्या पडलेल्या नास्तिकाला आधार कुठे मिळतो? आपण त्याला वादात जिंकायला शिकवलं, दुःखात सावरायला फारसं शिकवलं नाही.

आनंदी, अर्थपूर्ण जगण्यासाठी देव लागतोच असं नाही, पण माणसं लागतात. म्हणून श्रद्धा सोडलेल्या प्रत्येकाला कळकळीची विनंती: नुसते सोडून थांबू नका. चार घरं जोडा, सोहळे साजरे करा, शेजाऱ्याच्या आजारपणात धावून जा. आणि घरातलं कुणी श्रद्धा सोडत असेल तर त्याच्याशी नातं तोडू नका.