टेलर-सेन्सेईच्या नावाचं कपाट

परवा आमच्या चौथीच्या वर्गात एक गंमत झाली. इंग्रजीचा तास चालू होता. मी फळ्यावर 'स्कूल' हा शब्द लिहिला आणि सगळ्यांना मोठ्याने म्हणायला सांगितलं. वर्गातून एका सुरात आवाज आला, "इस्कूल!" मी म्हटलं, "इस्कूल नाही रे, स्कूल." पुन्हा तेच, "इस्कूल!" तेवढ्यात शेवटच्या रांगेतला एक जण उठून म्हणाला, "बाई, तुम्ही तरी बरोबर म्हणता कशावरून?"

सगळे हसले. मीही हसले. पण खरं सांगू? प्रश्न अगदी वर्मी लागला. मी शाळेत होते तेव्हा मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं. २००० सालापासून महाराष्ट्रात ते पहिलीपासून सुरू झालं. माझं डी.एड. मराठीतून झालेलं. ज्याची मातृभाषाच इंग्रजी आहे अशा एकाही माणसाशी मी आजवर पाच मिनिटं बोललेले नाही, आणि तरी रोज इंग्रजी शिकवते! कितीदा मनात येतं, असा एखादा माणूस आपल्या वर्गात माझ्या शेजारी उभा राहिला तर किती बरं होईल!

गंमत म्हणजे, असे माणूस शाळेत बोलावण्याची पद्धत जगात बरीच जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इंग्लंड आणि फ्रान्स यांनी एकमेकांकडे तरुण भाषा-साहाय्यक पाठवायला सुरुवात केली होती. आणि जपानने तर १९८७ साली याची एक मोठी योजनाच आखली. तिचं नाव 'जेट'. पहिल्या वर्षी अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या चार देशांतून ८४८ तरुण जपानला गेले. आता दरवर्षी सुमारे ५० देशांतले पाच हजारांहून अधिक जण या योजनेत काम करत असतात. भारतातूनही काही मोजके जण गेले आहेत. यातले बहुतेक जण शाळांमध्ये साहाय्यक शिक्षक असतात. करार एक वर्षाचा, पण जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढवता येतो.

तुम्ही विचाराल, "म्हणजे ते सगळे शिकलेले शिक्षक असतात का?" तर तसं नाही बरं का! कुठल्याही विषयातली पदवी चालते. कुणी इतिहास शिकलेला, कुणी संगीत, तर कुणी जीवशास्त्र. म्हणूनच ते वर्ग एकट्याने चालवत नाहीत. विशेषतः मोठ्या मुलांच्या शाळांत वर्गात दोघं उभे असतात. जपानी शिक्षक धडा आणि व्याकरण समजावतो. साहाय्यक उच्चार करून दाखवतो, संवाद म्हणतो, खेळ घेतो, आपल्या गावाबद्दल सांगतो. कधीकधी मात्र त्याला पुस्तकातली वाक्यं नुसती वाचून दाखवण्यापलीकडे काही कामच मिळत नाही. मग तो बिचारा कुरकुरतो, "मी माणूस आहे की टेपरेकॉर्डर?" म्हणजे नुसता परदेशी माणूस आणून उभा केला की भाषा आली, असं होत नाही. जपानी शिक्षक आणि तो पाहुणा यांचं सूत जमावं लागतं.

आणि उच्चारांचं म्हणाल, तर तिथेही आपल्यासारखीच तऱ्हा! जपानी भाषेत 'न' सोडला तर शब्दाच्या शेवटी व्यंजन येत नाही, आणि 'ल' व 'र' असे दोन वेगळे आवाजही नाहीत. त्यामुळे 'मिल्क'चं होतं 'मिरुकु', 'हॉटेल'चं 'होतेरु' आणि 'आइस्क्रीम'चं 'आइसुकुरीमु'! आता म्हणा पाहू, 'इस्कूल' काय वाईट?

पण साहाय्यकाची जीभही तिकडे गेल्यावर अडखळते. 'त्सुनामी' हा जपानी शब्द. 'त्सु' म्हणजे बंदर, 'नामी' म्हणजे लाट. इंग्रजी बोलणारे पुष्कळ जण सुरुवातीचा 'त्' गाळून 'सुनामी' म्हणतात. आपल्याला मात्र तो आवाज फारसा परका नाही. 'चमचा' म्हणताना जीभ कुठे लागते ते बघा, म्हणजे कळेल. प्रत्येक भाषेने आपल्या लेकरांची जीभ एका वळणावर नेलेली असते. दुसरं वळण शिकायला वेळ लागतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

परदेशातून आलेल्या या शिक्षकाला आणखीही पुष्कळ शिकावं लागतं. शाळेत शिरताना बाहेरचे बूट काढून आतले वेगळे बूट घालायचे. प्राथमिक शाळेत दुपारी मुलंच पांढरे एप्रन आणि टोप्या घालून सगळ्यांना जेवण वाढतात. जेवणाआधी हात जोडून सगळे 'इतादाकिमासु' म्हणतात. आपण 'वदनी कवळ घेता' म्हणतो ना, त्याची आठवण व्हावी असंच. मग वर्ग, जिने, व्हरांडे मुलं स्वतः झाडतात, पुसतात. साहाय्यकही कितीदा त्यांच्याबरोबर फडकं घेऊन बसतो. वर्गात तो शिक्षक असतो, पण फडकं कसं पिळायचं ते मात्र सात वर्षांची मुलगी त्याला दाखवते. संस्कृतीची देवाणघेवाण म्हणतात ती हीच. ती भाषणात होत नाही, अशा छोट्या छोट्या कामांत होते.

आता तुम्हांला टेलर अँडरसनची गोष्ट सांगते.

टेलर अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातली. शाळेत असल्यापासून तिला जपानची ओढ. कॉलेज पूर्ण झाल्यावर २००८ साली ती जेट योजनेतून इशिनोमाकी या समुद्राकाठच्या शहरात गेली. तिथल्या शाळांमध्ये ती इंग्रजी शिकवू लागली. जपानीत शिक्षकाला 'सेन्सेई' म्हणतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ 'आधी जन्मलेला'. तर मुलांची ही टेलर-सेन्सेई! वाचनाचं तिला भारी वेड होतं.

११ मार्च २०११. दुपारी पावणेतीनच्या सुमाराला जपानच्या ईशान्येला समुद्राखाली ९ तीव्रतेच्या आसपासचा प्रचंड भूकंप झाला. त्यानंतर ती लाट आली, जिचं जपानी नाव आज साऱ्या जगाला ठाऊक आहे. पंधरा हजारांहून अधिक माणसं गेली. भूकंप झाला तेव्हा टेलर शाळेत होती. मुलं आपापल्या आईवडिलांच्या हाती जाईपर्यंत ती त्यांच्यासोबत थांबली आणि मग सायकलवरून घरी निघाली. ती घरी पोहोचलीच नाही. तेव्हा ती २४ वर्षांची होती. रिकुझेनताकाता या गावात शिकवणारा अलास्काचा माँटी डिक्सन हा आणखी एक जेट साहाय्यकही त्याच लाटेत गेला.

एवढं दुःख झाल्यावर टेलरच्या आईवडिलांनी त्या गावाचं तोंडही पाहिलं नसतं, तरी कुणी त्यांना दोष दिला नसता. पण त्यांनी उलटं केलं. लेकीच्या नावाने निधी उभारला आणि ती शिकवत होती त्या शाळांना पुस्तकं द्यायचं ठरवलं. इंग्रजी आणि जपानी अशा दोन्ही भाषांतली.

पुस्तकं ठेवायला कपाटं हवीत. ती करायचं काम इशिनोमाकीतल्याच शिनइची एन्दो या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराकडे आलं. एन्दोंची तीन मुलं होती. तिन्ही मुलं त्या लाटेत गेली होती. आणि त्या मुलांना इंग्रजी शिकवलं होतं टेलर-सेन्सेईने!

ज्या हातांनी स्वतःची तीन लेकरं गमावली, त्या हातांनी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी लाकूड तासलं, घासलं, जोडलं. २०११ सालीच पहिलं कपाट शाळेत उभं राहिलं. पुढे अशी कितीतरी कपाटं झाली. 'टेलर बुन्को' म्हणजे टेलरचं ग्रंथालय, असं त्यांना नाव आहे.

ही गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा सगळे गप्प झाले. थोड्या वेळाने 'इस्कूल'वाला तोच मुलगा म्हणाला, "बाई, त्या मुलांना टेलरचे उच्चार आठवत असतील का हो?" मी म्हटलं, "ते मला ठाऊक नाही रे. पण टेलर नक्की आठवत असणार."

मुलांनो, आणि मुलांच्या आईबाबांनो, आता माझीच एक चूक सांगते. या वर्षी आमच्या वर्गात एक नवी मुलगी आली आहे. तिचे आईवडील वीटभट्टीवर काम करतात. घरी तेलुगू बोलतात. दोन महिने ती वर्गात तोंडातून शब्द काढत नव्हती. मी माझ्या वहीत तिच्या नावापुढे लिहून ठेवलं होतं, 'मराठी येत नाही.'

जपानच्या गोष्टीनंतर रात्री ती वही उघडली नि माझी मलाच लाज वाटली. परदेशातून एखादा साहाय्यक यावा म्हणून मी झुरत होते आणि दुसरी भाषा येणारी मुलगी माझ्या वर्गात दोन महिने गप्प बसून होती! दुसऱ्या दिवशी मी तिच्या हातात खडू दिला आणि खुणेने म्हटलं, "आम्हांला आकडे शिकव." ती आधी माझ्याकडे पाहतच राहिली. मग हळूच म्हणाली, "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु." वर्गाने म्हटलं. आमचा 'इस्कूल'वाला काहीतरी भलतंच बोलला. तिने मान हलवली, कमरेवर हात ठेवला आणि अगदी माझ्यासारखं बोट उगारून खूण केली, पुन्हा म्हण! त्याने तीन वेळा म्हटलं, तेव्हा कुठे ती हसली. आता मधल्या सुट्टीत ती त्याला आकडे शिकवते आणि तो तिला मराठीतून लगोरी शिकवतो.

वहीतली ती ओळ मी खोडली. तिथे आता लिहिलंय, 'तेलुगू येते.'

तुमच्याही वर्गात, गल्लीत, चाळीत असं कोणीतरी असेल. घरी कन्नड, हिंदी, पावरी, गोरमाटी, आणखी काही बोलणारं. उद्या त्यांच्याकडून पाच शब्द शिकून घ्या. चुकलात तर चुकू द्या. आणि ते मराठी बोलताना चुकले, तर हसण्याआधी 'मिरुकु' आठवा!